बडेबाबूंचा डावा खिसा

बडेबाबूंच्या कोटाच्या डाव्या खिशात काय असतं, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. कळलं तेव्हा वाटलं, नसतं कळलं तर बरं झालं असतं.

मला पहिल्यापासून नसत्या चौकशा करायची खोड. कोणाकडे पाहुणे आले, कोणाची बैलजोडी विकली गेली, कोणी कोणाशी बोलणं टाकलं, हे कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नसे. अशा माणसाला नोकरी मिळावी ती नेमकी बडेबाबूंच्या हाताखाली, हा नशिबाचाच विनोद म्हणायचा. विदर्भ मुंबई राज्यात जाऊन वर्षही झालं नव्हतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस-बाजाराच्या गावी बाजार समितीच्या कचेरीत मी दुय्यम बाबू म्हणून लागलो. कागदांवर अजून मध्यप्रदेश छापलेलं होतं आणि ते खोडता खोडता माझे पहिले दोन महिने गेले. समितीचे सभापती माझ्या आत्याच्या सासरकडचे. नोकरी कशी लागली ते यातच आलं.

कचेरीत माणसं तीन. हेडक्लार्क, ज्यांना सगळं गाव बडेबाबू म्हणायचं, दुसरा मी आणि तिसरा चपराशी कवडू. कवडू माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, सडपातळ, कमी बोलणारा. मी लागलो त्याच्या आदल्याच वर्षी त्याच्या सगळ्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला होता. कचेरीचा रांजण तोच भरायचा आणि पाणीही तोच द्यायचा, कारण बडेबाबूंनी तसं ठरवलं होतं. समितीचे दोन मेंबर मात्र सभेला येताना घरून तांब्या आणत. बडेबाबू त्या तांब्यांकडे पाहून म्हणायचे, "आज पानी जास्त झालं बाप्पा." बाकी काही बोलत नसत. कवडूला ते 'कवडूजी' म्हणायचे. मला नुसतं 'अबे'.

त्यांच्या कोटाचे दोन्ही खिसे ठरलेले होते. उजवा खिसा जगाचा. त्यात खडू, पावत्या, नवीन सरकारी परिपत्रकं, पंचांगाचं पान. कोणीही यावं, विचारावं, की ते उजव्या खिशात हात घालून कागद पुढं करणार. वाचता येत नसेल तर वाचून दाखवणार, आणि समजलं नाही तर तिसऱ्यांदा. डावा खिसा ज्याचा त्याचा. त्यात गेलेला कागद पुन्हा कोणी पाहिला नाही.

बाजाराचं काही विचारा, तासभर सांगत बसतील. माणसाचं विचारलं की कानानं बहिरे. "काल तुमच्याकडे कोण आलतं?" असं मी सहज विचारलं तर उत्तर यायचं, "दोघं." कोण दोघं? "दोघं आलते म्हणतो ना." काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, याच्यावरून कायमची तक्रार होती. "यायले इचारलं, जेवाले कोन येनार हाये, तं म्हनते तीन जन. आता त्यातला एक उपासाचा निंघाला तं मी काय करू? मानूस हाये का खानेसुमारी हाये हे?"

यामागचं कारण कचेरीसमोरचा काळा फळा. गावात कापसाची सरकी काढून गाठी बांधणाऱ्या तीन जिनिंग होत्या. दर शनिवारी दुपारी तिन्हीकडून एकेक बंद पाकीट यायचं. त्या आठवड्यात आपण किती गाठी बांधल्या, तेवढाच आकडा आत. आम्ही तिन्ही आकड्यांची बेरीज करायची आणि ती फळ्यावर लिहायची. ही रीत बडेबाबूंनीच पाडलेली. त्याआधी दलाल सांगतील ते खरं होतं. "गाठीची थप्पी लागली हाये, आता कोन घेते तुहा कापूस," असं म्हटलं की गाडीवानाचा चेहरा उतरायचा आणि पाठोपाठ भावही. फळा आल्यापासून माणूस गाडीवर बसल्या बसल्या आकडा वाचायचा आणि दलालाला म्हणायचा, "थे पाय, काय लिवलं हाये."

पण एकेका जिनिंगचा आकडा कधीही बाहेर पडायचा नाही, असा शब्द बडेबाबूंनी तिन्ही जिनिंगच्या मुनीमांना दिलेला होता. कोणाकडे माल किती, हे शेजारच्या जिनिंगला कळलं की ती सौदा अडवायला बसते. म्हणून पाकिटं खरी येत, आणि पाकिटं खरी येत म्हणून फळा खरा. "बेरीज गावाची, आकडा ज्याचा त्याचा," हे ते दिवसातून दोनदा तरी म्हणायचे. कधी कधी मला वाटायचं, झोपेतही म्हणत असतील.

फळ्यावर लिहून झालं की त्यांची एक गंमत असायची. खडू उजव्या खिशात टाकायचे, रस्ता ओलांडून गाड्या उभ्या राहत तिथं जायचे आणि एखाद्या मोकळ्या गाडीच्या जुवाजवळ चढून बसायचे. तिथून डोळे बारीक करून आकडा मोठ्यानं वाचायचे. वाचता नाही आला तर परत येऊन पुसून मोठा लिहायचे. पन्नाशीचा माणूस, कोट-टोपी घातलेला, बैल नसलेल्या गाडीवर बसून आकडे ओरडतो आहे, हे पाहायला नवखी माणसं थांबत.

आणि पाकिटातल्या त्या चिठ्ठ्या? त्या डाव्या खिशातून घरी जायच्या. काकू त्या पाण्यात भिजवायच्या, त्यात मेथी वाटून घालायच्या, त्याचा लगदा मडक्यावर थापून टोपल्या करायच्या. तशा टोपल्या तेव्हा घरोघरी असत, पण यांच्या टोपल्यांत गावाचा सगळा व्यापार थापलेला. एकदा मी त्यांच्या घरी ज्वारीच्या पिठाची टोपली उचलून उलटीपालटी करून पाहिली. कुठं एखादा आकडा दिसतो का बघत होतो. बडेबाबूंनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाले, "अबे, पीठ सांडते."

बडेबाबूंशिवाय आकडे पाहायला मिळत ते कचेरीत फक्त मला. पहिली बेरीज मी करायची, मग तीच ते स्वतः पुन्हा करायचे. माझी बेरीज नेहमी जुन्या कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे असायची, कारण कोरा कागद वाया घालवलेला त्यांना खपत नसे.

असा दीड वर्ष सगळा सुरळीत कारभार चालला. मग एका हिवाळ्यात, ऐन हंगामात, तिसऱ्या जिनिंगचं इंजिन मोडलं. सुटा भाग मुंबईहून यायचा होता. भोंगा बंद, धुराडं थंड. सगळ्या गावाला दिसत होतं. त्या शनिवारी दोनच पाकिटं आली. मी नेहमीप्रमाणे बेरीज करून पान पुढं केलं. बडेबाबूंनी ते पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि घडी करून डाव्या खिशात टाकलं.

"आज फळा कोरा राहीन," ते म्हणाले.

"काहून? बेरीज तं झाली."

"तिघं असले तं बेरीज होते. दोघं असले तं चुगली होते. फळ्यावर लिवलं का पहिला मुनीम त्यातून आपला आकडा वजा करन, दुसऱ्याचा त्याच्या हाती लागन. दुसराही तेच करन. मंग माह्या शब्दाले अर्थ काय राह्यला?"

बारा मैलांवरच्या बाजाराच्या गावी चार जिनिंग होत्या. तिथली बेरीज सोमवारी सकाळी निघायची. बडेबाबूंनी ठरवलं, की सोमवारी पहाटे सायकलनं जायचं, त्यांची बेरीज आणायची आणि दोन्ही गावं मिळून सहा जिनिंगांचा एकच आकडा लिहायचा. सहातून एक वजा केला तरी पाच उरतात. कोणाच्या बापाला काही काढता येणार नाही. फळ्यावर त्यांनी लिहिलं, 'आकडा सोमवारी अकरा वाजता'. रस्ता ओलांडून, गाडीवर बसून, तेही मोठ्यानं वाचून पाहिलं.

सोमवार हा कापसाच्या बाजाराचा दिवस. लिलाव नऊला सुरू व्हायचा. नऊ आणि अकरा यांच्यातले दोन तास बडेबाबूंच्या हिशेबात आलेच नव्हते, आणि दलालांच्या हिशेबात तेवढेच होते. सकाळी आठलाच आवई उठली, की गाठी हजारावर गेल्या म्हणूनच बाबूनं फळा कोरा ठेवला. भाव खाली बोलला जाऊ लागला. पहिल्या दहा गाड्यांत माझ्या मोठ्या भावाच्या तीन गाड्या होत्या. घरचा वर्षाचा कापूस. तो कचेरीत आला तेव्हा त्याच्या मिशांवर दव होतं.

"काय आकडा हाये रे?"

"अकरा वाजता लिवतील दादा."

"अकरा वाजेलोक माह्या गाड्या रिकाम्या होतीन. तुले मालूम हाये का नाही, तेवढं सांग."

मी त्याला कचेरीच्या मागं रांजणाकडं घेऊन गेलो. तिथं कोणी नव्हतं, निदान मला कोणी दिसलं नाही. मी म्हणालो, "दोन्ही मिळून सहाशे सतरा. हजार-बिजार काही नाही. पण कोनाले सांगू नोको." त्यानं देवाची शपथ घेतली.

दहा वाजेपर्यंत सगळा बाजार 'सहाशे सतरा' ओरडत होता. भाव पुन्हा चढला. माझ्या भावाला त्या दिवशी चांगला भाव मिळाला, अनेकांना मिळाला, हे मी लपवणार नाही. मला तर वाटलं, आपण मोठंच पुण्य केलं. अकराला पाच मिनिटं कमी असताना बडेबाबू घामानं निथळत आले, सायकल भिंतीला टेकवली आणि खडू हातात घेतला. तेवढ्यात एका गाडीवानानं आवाज दिला, "बाबूजी, आता कायले? सहाशे सतरा हाये, आमाले मालूम हाये!"

ते थांबले. वळून त्यांनी आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. मग फळ्यावर दोन्ही गावांचा मिळून झालेला आकडा लिहिला आणि आत येऊन बसले. त्या दिवशी ते रस्ता ओलांडून गेले नाहीत.

बुधवारी चालू असलेल्या दोहोंपैकी धाकट्या जिनिंगचा मुनीम आला. वयस्क, सभ्य माणूस. तो उभाच राहिला. मोठ्या जिनिंगनं वजाबाकी केली होती आणि याच्या मुंबईच्या व्यापाऱ्याला तार ठोकली होती, की यांच्याकडे माल पुरता नाही, सौदा आमच्याशी करा. सौदा गेला.

"बाबूजी," तो म्हणाला, "तुमच्या भरवशावर खरा आकडा देत होतो. आता पाकीट बंद. खोटा पाह्यजे असन तं सांगा, रोज पाठवतो."

शेवटचं वाक्य त्यानं रागानं म्हटलं नव्हतं. बडेबाबूंचा चेहरा मात्र त्या वाक्यानं असा झाला, की मी तिथून उठून बाहेर गेलो. एका पाकिटाशिवाय फळा उरत नव्हता, आणि फळा म्हणजे बडेबाबूंच्या आयुष्यातलं एकुलतं एक काम होतं. मी बाहेर जाऊन विडी ओढली. कबूल करायचं धाडस मात्र झालं नाही.

गुरुवारी सभापतींनी सभा बोलावली. दोन तांबे टेबलावर होते. कवडू दाराशी पेले घेऊन उभा होता.

"आकडा कुठून फुटला?" सभापतींनी विचारलं.

"कचेरीतून," बडेबाबू म्हणाले.

"कोनी फोडला?"

"कचेरीत आम्ही तिघं आहो. तिघातून एकानं फोडला. याच्यापुढचं मी सांगत नाही."

मी खाली मान घालून बसलो होतो. माझ्या मनात आलं, की म्हातारा आपला तोच नियम चालवतो आहे. बेरीज सांगतो, आकडा ज्याचा त्याचा. खरं सांगतो, त्या क्षणी मला हायसं वाटलं.

सभापती हसले. "तुम्ही नाही सांगत तं नोका सांगू. तुम्ही त्या येळी सायकलवर होते. हा पोरगा आपल्या घरचा हाये. मंग राह्यलं कोन?" आणि त्यांनी दाराकडं पाहिलं. "त्याले उद्यापासून येऊ नोको म्हना."

एक मिनिटसुद्धा लागलं नाही. कोणी काही विचारलं नाही, कोणाच्या भुवया वर गेल्या नाहीत. तांबेवाल्या एका मेंबरनं मान डोलावली. कवडूनं पेले खिडकीत ठेवले आणि म्हणाला, "साहेब, मी फळा पुसतो. लिवत नाही." एवढंच.

बडेबाबू उठले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांचा हात डाव्या खिशात गेलेला आणि खिशातून कागद घेऊन बाहेर आलेला पाहिला. घडी घातलेलं कॅलेंडरचं पान त्यांनी टेबलावर ठेवलं आणि वर पंजा ठेवला. उघडलं नाही.

"सभापती साहेब, वजाबाकी चुकली तुमची," ते म्हणाले.  माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही.

पान माझं होतं. आत माझं अक्षर होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी सांगतला. माह्या भावाले."

पुढं काय व्हावं? कवडूची नोकरी ज्या एका मिनिटात गेली होती, त्याच मापानं माझी अर्ध्या मिनिटात जायला हवी होती. सभापती खाकरले. म्हणाले, "होते कधी कधी. जवान पोरगा हाये. पुन्हा करू नोको." दुसऱ्या विषयावर चर्चा सुरू झाली. कवडूला कोणी काहीच म्हटलं नाही. त्यानं पेले उचलून पाणी वाटलं. मी तो पेला हातात धरून बसलो. 

सभा संपल्यावर बडेबाबूंनी ते पान माझ्यापुढं उलगडलं. "हातचा एक इसरला होता तू. सहाशे सत्तावीस पाह्यजे होते. शनिवारीच दिसलं मले. सोमवारी दुरुस्त करून सांगनार होतो. पन सगळा बाजार सहाशे सतरा ओरडून राह्यला होता. चुकीचा आकडा एकाच माणसापाशी होता."

"मंग तुम्ही नाव काहून नाही सांगतलं?"

त्यांनी पानाची पुन्हा घडी घातली. मग म्हणाले, "मले वाटलं, तिघं आहो तं पुरे. तिघात कोनी उघडा पडत नाही." टोपी काढून त्यांनी डोकं खाजवलं. "मीच चुकलो बे. तिघंही एका वजनाचे पाह्यजेत. ते ध्यानातच नाही आलं माह्या."

त्या संध्याकाळी आम्ही दोघं धाकट्या जिनिंगच्या मुनीमाकडे गेलो. मी हात जोडले. मुनीमानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् त्या चपराशानं काय म्हटलं?" काही म्हटलं नाही, असं कळल्यावर त्यानं समोरची वही मिटली. म्हणाला, "पाकीट देतो. पन त्याच्या हातात देतो. दुसऱ्या कोनाच्या नाही."

दुसऱ्या दिवशी मी कवडूला रांजणापाशी गाठलं. माफी मागायला गेलो होतो, पण खोड जात नाही, तोंडातून चौकशीच बाहेर पडली. "कवडूभाऊ, तुमाले शंका आली होती का, का मी सांगतलं म्हनून?"

"शंका कायची? मी इथंच होतो," तो म्हणाला. "रांजन भरून राह्यलो होतो. तुम्ही अन् तुमचे भाऊ इथं, अन् मी तिथं. तुमाले दिसलो नाही."

"मंग सभेत काहून नाही बोलले? नोकरी चालली होती तुमची!"

त्यानं बादली खाली ठेवली. "मी तुमचं नाव घेतलं असतं, तं मानलं असतं कोनी?"

  मी ते जसंच्या तसं बडेबाबूंना जाऊन सांगितलं. दीड वर्षात मी त्यांना आणलेल्या बातम्यांपैकी ही एकच त्यांनी शेवटपर्यंत ऐकली.

पुढच्या शनिवारी पाकिटं आली. तिसऱ्या जिनिंगचं इंजिन अजून सुरू झालं नव्हतं, म्हणून दोन्ही गावं मिळूनच आकडा लिहायचा होता. या वेळी बडेबाबू त्याच दुपारी सायकलनं जाऊन तिथली बेरीज घेऊन आले होते. ती दोन दिवस आधीच काढून देण्यासाठी त्यांनी तिथल्या हेडक्लार्कला काय सांगितलं, कोण जाणे. मी बेरीज केली, हातचे दोनदा मोजले. बडेबाबूंनी तपासली. मग खडू काढला आणि दाराशी उभ्या असलेल्या माणसापुढं धरला.

"लिवा कवडूजी."

कवडूनं खडूकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. बाजारात माणसं होती. दलाल होते. तांबेवाल्या मेंबरांपैकी एक जण पानाच्या ठेल्याशी उभा होता. कवडूनं फळा ओल्या फडक्यानं पुसला, सुकू दिला, आणि एकेक अंक सावकाश काढायला लागला. ठेल्यावरचं बोलणं थांबलं.

बडेबाबू रस्ता ओलांडायला निघाले, दोन पावलं गेले आणि थांबले. "अबे, तू जाय. पाहून ये."

मी रस्ता ओलांडला. एका मोकळ्या गाडीवर चढून बसलो आणि डोळे बारीक केले. अंक जरा तिरके होते, पण मोठे होते. फळ्यापाशी कवडू पाठमोरा उभा होता आणि तिथून तोही अगदी स्पष्ट दिसत होता. मी आकडा मोठ्यानं वाचला.